धोंड्याच्या महिन्यातला नकार

पुरण शिजत आलं तसे अक्काचे गुडघे कुरकुरायला लागले. विजेच्या शेगडीवर डाळ शिजवण्यात तिला कधी गोडी वाटली नाही. आच दिसत नाही, भांड्याखाली काय चाललंय ते भांड्याला कळत नाही आणि बाईलाही कळत नाही. खिडकीबाहेर दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. तळं शिशासारखं पडलेलं, त्याच्या पलीकडे डोंगर, आणि डोंगरावर बर्फ. बर्फ, बर्फ आणि बर्फ. आल्या आल्या चार दिवस तिने त्याचं कौतुक केलं होतं. आता त्याच्याकडे बघून तिला फक्त धुणं आठवायचं.

पासपोर्टात तिचं नाव सुलभा होतं, पण ते विमानतळावरच्या लोकांसाठी. घरीदारी सगळे अक्काच म्हणायचे. चौथीनंतर शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. नवरा गेल्यावर पुण्यात खानावळ चालवून तिने दोन पोरं शिकवली. त्या खानावळीत दुसऱ्यांदा आमटी हवी असेल तर माणूस आधी तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मग वाटी पुढे करायचा. मोठा इंद्रनील इंजिनियर झाला आणि न्यूझीलंडमधल्या ट्वायझेलच्या धरणांवर कामाला लागला. धाकटी सलोनी हाडांच्या डॉक्टरला दिली. तोही न्यूझीलंडलाच आला, पण पार वरच्या बेटावर, टौरंगाला. म्हणजे दोन्ही पोरं एका देशात असून भेटायला विमान लागायचं.

इंद्रनीलचं घर तळ्याकाठच्या वस्तीत. थोडी घरं, एक पेट्रोल पंप, एक डेअरी. डेअरी म्हणतात आणि म्हशीचं दूध विचारलं तर माणूस तोंडाकडे बघत बसतो. तिथे पाव, वर्तमानपत्र आणि गोळ्या-चॉकलेटं मिळतात.

आणि सून वल्लरी. पुण्याला दगडमातीचं मोठं शिक्षण घेतलेली, इथे येऊन बर्फाच्या नादी लागली. वरच्या क्लबच्या स्की-फील्डवर तिची नोकरी. नोकरी काय, तर रोज सकाळी उठून डोंगराकडे बघायचं. रात्रीत किती बर्फ पडला, वारा कुठून आला, कुठला उतार सुटून खाली आला, कुठला सुटायच्या बेतात आहे. मग खड्डा खणून त्यात डोकं घालायचं, आणि खाली येऊन लोकांना सांगायचं, जा, नाहीतर जाऊ नका. अक्का फोनवर बहिणीला सांगायची, “आमची सून खड्डे खणते. हो हो, शिकलेलीच आहे.”

यंदा अधिक श्रावण आला होता. धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून पोटभर खाऊ घालायचे, अनारशांचं तबक दिवा लावून त्याच्या हातात द्यायचं. सलोनीच्या लग्नानंतर आलेला पहिला अधिक हुकला होता. तेव्हा ती दोघं नुकती या देशात आली होती, घर नाही, गाडी नाही. अक्काच्या मनात ते कुसळासारखं राहिलं. ह्या खेपेला ती इथे होती, लेक-जावई याच देशात होते, आणि तिने फोन करून बजावलं होतं, “या. सुट्टी नाही वगैरे मला सांगायचं नाही.”

ते आदल्या दिवशी आले. जावई चंद्रहास उंच, नीटनेटका, बोलायला मऊ. पुण्याला असताना त्याने सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले होते आणि त्या किल्ल्यांची नावं तो कुठल्याही गोष्टीत आणू शकायचा. अक्काला तो आवडायचा. तिच्याकडे दुसऱ्यांदा वाटी पुढे करताना तो घाबरायचा नाही.

रात्री पानावर बसल्यावर तिने विचारलं, “जावईबापू, हा महिना तुमचा. मला इथला बाजार कळत नाही, सोन्याचांदीची दुकानं तर दिसतही नाहीत. काय हवंय ते तुम्हीच सांगा. मागाल ते देईन.”

चंद्रहास हसला. “काही विकत आणू नका अक्का. त्या मागच्या डोंगरात वर एक तळं आहे म्हणे, हिवाळ्यात पूर्ण गोठतं. तिथे जायचंय. वहिनी रोज डोंगरातच असतात, त्यांनी न्यावं.”

“एवढंच?” अक्का म्हणाली. “दिलं.”

असं म्हणाली, जसा काही तो डोंगर तिच्या माहेरून आला होता.

वल्लरी तेव्हा घरात नव्हती. क्लबवर काहीतरी बैठक होती. आज ती परतली ती पुरण शिजत आल्यावर. खांदे उतरलेले, ओठ फुटलेले, डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी खूण. बूट काढायला खाली बसली आणि बसूनच राहिली.

अक्काने चहा टाकला आणि पाठमोरीच म्हणाली, “उद्या जावईबापूंना त्या तळ्यावर घेऊन जा. मी शब्द दिलाय.”

वल्लरीने एका बुटाची नाडी सोडली. “कुठल्या तळ्यावर?”

“डोंगरात किती तळी आहेत? वरचं, गोठतं ते.”

“अक्का, तिकडे नाही जाता येणार. त्या वाटेवर डाव्या हाताला तो मोठा उतार आहे ना, खिडकीतून दिसतो तो, त्याच्या खालून जावं लागतं. तो सध्या चांगला नाही.”

“चांगला नाही म्हणजे? आजारी आहे?”

वल्लरी हसली नाही. दिवसभराच्या थकव्याने तिच्या बोलण्यातली सगळी वळणं गळून गेली होती. “जूनमध्ये थंडी फार पडली आणि बर्फ होता थोडाच. त्या थंडीत खालच्या थराची साखर झाली. अशी जाड, मोकळी. आणि गेल्या आठवड्यातल्या वादळाने त्याच्यावर घट्ट लादी आणून बसवली. साखरेवर लादी ठेवलीय, आणि ती पण तिरकी.”

“मग बसली ना? बसू दे.”

“आपण तिच्या खालून गेलो की बसून राहायची नाही, सुटेल.”

“हे बघ.” अक्का वळली. “तुझं शिक्षण असेल. पण अधिकात जावयाला दिलेला शब्द मी आयुष्यात मोडला नाही.”

“तुम्हाला आयुष्यात एकच जावई आहे, अक्का. आणि त्यांना बोलावलेला हा पहिलाच अधिक.”

अक्काला असं कुणी बोललं नव्हतं. म्हणजे नवरा बोलायचा, पण त्याला जाऊन किती वर्षं झाली. तिने चहाचा कप वल्लरीसमोर असा ठेवला की अर्धा बशीत सांडला.

“उद्या तू खड्डा खणायला जाणार ना? मी येते. बघू दे तरी, माझ्या जावयाला नाही म्हणणारा हा बर्फ आहे तरी कोण.”

वल्लरीने बशीतला चहा परत कपात ओतला. “या. थर्मल घाला आतून.”

सकाळी अक्काने थर्मल घातलं, त्यावर लुगडं, लुगड्यावर इंद्रनीलचं जाकीट आणि पायात त्याचेच गमबूट. आरशात बघितलं नाही. चंद्रहास आणि सलोनी अजून उठायची होती. क्लबचा ट्रक घेऊन हेमी दारात आला. हेमी वल्लरीबरोबर काम करायचा, चांगला दांडगा, दाढीवाला माओरी पोरगा. “किया ओरा, आँटी,” म्हणाला आणि तिला उचलूनच ट्रकात बसवायच्या बेतात होता. तिने हात झटकला आणि स्वतः चढली. चढायला वेळ लागला, पण स्वतः चढली.

रस्ता संपला तिथे झाडी संपली आणि सपाट पांढरी मोकळी जागा लागली. “इथे वरून अंगावर येईल असं काही नाही,” वल्लरी म्हणाली. “म्हणूनच तुम्हाला आणलं.” समोरच्या बाजूला एक बुटकं टेकाड होतं, त्याचं तोंड त्या मोठ्या उतारासारखंच दक्षिणेला होतं, म्हणजे बर्फही तसाच. इथे ऊन उत्तरेकडून येतं आणि दक्षिण बाजू दिवसभर सावलीत कुढत बसते. अक्काला हे कधीच पचलं नव्हतं.

चालायला लागण्याआधी वल्लरीने बोट दाखवलं. “ते बघा.”

दरीच्या पलीकडच्या डोंगराच्या खांद्यावर एक आडवी चीर दिसत होती, सुरीने खरवस कापावा तशी सरळ. चिरेखालचा उतार खरवडून निघाला होता आणि खाली पायथ्याशी ढेकळांचा ढीग पडला होता.

“कधी झालं?”

“रात्रीत. काल संध्याकाळी नव्हतं.”

“कोण गेलं होतं तिथे?”

“कुणीच नाही. आपणहून सुटलं.”

अक्काने पदर जाकिटाच्या आत खोचला आणि हेमीच्या पावलात पाऊल टाकत निघाली. बर्फ घोट्यापर्यंत यायचा, कधी पोटरीपर्यंत. आवाज कसला नव्हता, तिचाच श्वास. आणि मग एका पावलाला खालून हुंकार आला. एखाद्या म्हाताऱ्या जनावराने झोपेत पोटातून टाकावा तसा. पायाखालची सगळी जागा एकदम जरा खचली, बोटभर, आणि तिच्या गमबुटापासून एक बारीक भेग टेकाडापर्यंत सरसर पळत गेली.

अक्काने हेमीची बाही धरली. एरवी तिने ती धरली नसती.

हेमी आणि वल्लरी जागच्या जागी उभे राहिले होते. एकमेकांकडे बघितलं. हेमी फक्त म्हणाला, “येप,” आणि वल्लरीने मान हलवली.

“काय झालं हे?”

“खालची साखर मोडली,” वल्लरी म्हणाली. “सपाटीवर आहोत म्हणून नुसतं बसलं. उतारावर असतो तर घेऊन गेलं असतं.”

मग टेकाडाच्या पायथ्याशी तिने खणायला सुरुवात केली. छातीपर्यंत खड्डा, एक भिंत तासून अगदी सरळ केली. अक्का पाठीवरच्या पिशवीवर बसून बघत होती. वल्लरी भिंतीवर बोटं फिरवत खाली येत होती, कुठे मूठ घालून बघायची, कुठे एक बोट, कुठे पेन्सिल. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण सुनेचे हात अक्काने असे कामात कधी पाहिले नव्हते. घरात ती भाजी चिरायची ती ओबडधोबड, बटाट्याचे डोळे तसेच ठेवायची. इथे तिचा हात थांबत नव्हता.

शेवटी तिने भिंतीतून एक खांब मोकळा कापला, फावडं त्याच्या डोक्यावर आडवं ठेवलं आणि त्यावर थापा मारायला लागली. आधी नुसतं मनगट हलवून, हळू. मग कोपरातून. कोपरातून दुसरी थाप बसली आणि खांबाचा वरचा भाग सटकन सुटून तिच्या मांडीवर आला. इतका गुळगुळीत, जसा साबण.

“खांद्यातून मारायची वेळच आली नाही,” वल्लरी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. “तेवढ्या थापा त्याने सोसल्या असत्या तर मी भावोजींना घेऊन गेले असते.”

अक्काने हातमोजा काढला आणि खड्ड्याच्या तळातून मूठभर उचललं. खरंच साखर होती. मूठ आवळली तशी बोटांच्या फटीतून ओघळून गेली.

“ह्याचे लाडू वळायचे नाहीत,” ती म्हणाली.

“नाही वळत.”

परत येताना हेमी पुढे होता. अक्काला दम लागला म्हणून दोघी थांबल्या. वल्लरी फावड्याला टेकून उभी होती, डोळे मिटून. तशी ती फार लहान दिसायची, आणि फार दमलेली.

“तू नाही म्हणालीस आणि हेमी हो म्हणाला तर?” अक्काने विचारलं.

“तर परत.”

“आणि तो नाही म्हणाला, तू हो?”

“तरी परत. आमच्यात तसंच आहे. दहा जण असू देत, एकाने नाही म्हटलं की सगळे खाली. का म्हणून विचारायचं नाही. विचारायला लागलं की लोक लाजेने नाही म्हणायचं सोडतात.”

“कुणीही? कालचं पोर असलं तरी?”

“कालचं पोर असलं तरी.”

अक्काच्या घराण्यात नाही म्हणायचा हक्क एका वेळी एकालाच असायचा, आणि तो तिच्याकडे यायला नवरा मरावा लागला होता.

घरी येईतो तिने ठरवलं होतं की जावयाला नकार द्यायची वेळच येऊ द्यायची नाही. खायला घालून झोपवायचं. खानावळीच्या काळात वर्गणी मागायला आलेली दांडगी पोरं तिने पुरणपोळीवर अशी आडवी केली होती की पावतीपुस्तक विसरून गेली. तिने धोंडे उकडले, वरून तूप घातलं, परत तूप घातलं, कटाची आमटी, भजी, मसालेभात. इंद्रनील सुट्टी काढून घरी होता. त्याने पहिल्या वाढपालाच हात वर केले.

“अक्का, हे माणसांचं जेवण आहे की शिक्षा?”

“तू गप्प बस. तुला कोण विचारतंय? हा महिना तुझा नाही.”

चंद्रहास जेवला. नीट, शांतपणे, शेवटपर्यंत. अक्काने वाढत राहावं आणि त्याने खात राहावं. जेवण झाल्यावर झोपली ती सलोनी, सोफ्यावर, तोंड उघडं टाकून. चंद्रहास उठला, हात धुतले आणि भाड्याने आणलेले बर्फातले बूट कोपऱ्यातून उचलून खुर्चीवर बसला.

“चला वहिनी,” म्हणाला. “अंधार पडायच्या आत येऊ.”

वल्लरी टेबल पुसत होती. “भावोजी, आज नाही. ह्या आठवड्यातच नाही. सकाळी बघून आले. हवं तर आपण तळ्याकाठाने जाऊ, तिकडचा माळ छान असतो.”

“मी पण सकाळी बघितलं.” त्याने खिशातून दुर्बीण काढून टेबलावर ठेवली, अलगद. “त्याच उतारावर दोघांचे माग आहेत. वर गेलेत आणि खाली आलेत. ताजे. म्हणजे जाता येतं.”

“ते गेले म्हणून उतार बरा झाला असं नाही. त्यांचं पाऊल जिथे पडलं तिथे ती लादी जाड असेल. आपलं पातळ जागी पडलं तर…”

“वहिनी, राग मानू नका. तुमच्या कामात नाही म्हणणं सोपं असतं. मी पेशंटला नाही म्हणून घरी पाठवलं तर त्याचा पाय जातो.”

वल्लरीच्या हातातलं फडकं थांबलं. इंद्रनील खिडकीतून बाहेर बघायला लागला. त्याला हे लहानपणापासून जमायचं, भांडण सुरू झालं की खिडकी शोधायची.

“मी नेणार नाही,” वल्लरी म्हणाली. तिने पुन्हा पुसायला घेतलं, जे आधीच स्वच्छ होतं ते.

“हरकत नाही. वाट दिसतेय, मी एकटा जाऊन येतो. सह्याद्रीत आम्ही काय गाईड घेऊन हिंडायचो?” चंद्रहास नाड्या बांधायला लागला. मग मान वर करून म्हणाला, मऊच, “शब्द तुमचा होता अक्का. म्हणून म्हटलं, तुमच्यासमोर निघावं.”

अक्का तबक घेऊन उभी होती. अनारसे, दिवा, वर जरीचा रुमाल. आता त्याच्या हातात द्यायचं होतं ते. तिने ते टेबलावर ठेवलं.

“मी नाही म्हणते,” ती म्हणाली.

“काय?”

“जायचं नाही. मी म्हणते.”

“का?”

“का म्हणून विचारायचं नाही.”

चंद्रहास हसला, पण डोळे हसले नाहीत. “परवा तर दिलं म्हणालात.”

“परवा जे माझं नव्हतं ते मी तुम्हाला दिलं. आज परत घेते.”

“अधिक महिन्यात? जावयाच्या हातात वाण द्यायच्या वेळेला?”

“हो. ह्याच वेळेला. लोक ऐकतील तर थुंकतील माझ्या तोंडावर. थुंकू देत. तुम्हाला माझ्याकडून दुसरं काही हवं तर मागा, गळ्यातलं मागा. हे नाही.”

“मी लहान नाही, अक्का.” तो उठून उभा राहिला. एका पायाचा बूट बांधलेला, दुसऱ्याचा मोकळा.

तेव्हा अक्का दाराशी गेली. दार उघडंही नव्हतं. तिथे पायपुसणं होतं, ओलं, बुटांच्या मातीने भरलेलं. त्यावर ती बसायला लागली. गुडघा आधी वाकेना, मग वाकला तो कडकडून, भिंतीला हात लावून ती एकेक इंच खाली गेली आणि शेवटी धपकन टेकली. जाकीट काढलेलं, नवी कोरी नऊवारी, चिखलात.

“जा,” ती म्हणाली. “सासूला ओलांडून जा.”

सलोनी जागी झाली होती. सोफ्यावर उठून बसली, केस विस्कटलेले, आणि आईला दारात जमिनीवर बसलेली बघून काय म्हणावं ते तिला कळेना. “अक्का, हे काय? दादा, हे काय चाललंय?”

इंद्रनीलने पुन्हा खिडकी गाठली.

चंद्रहास उभाच होता. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ओलांडून गेला असता. मागच्या दारानेही जाता आलं असतं, धुण्याच्या खोलीतून, पण ते त्याला सुचलं नाही, किंवा सुचून त्याने केलं नाही. डोंगरामागे ऊन गेलं आणि खोलीतला रंग एकदम उतरला. तो खुर्चीवर बसला. बांधलेल्या बुटाची नाडी सोडली. दोन्ही बूट जोडीने भिंतीशी ठेवले, नीट.

“सलोनी,” तो म्हणाला, “बॅग भर. क्राइस्टचर्चला जाऊन राहू. उद्याचं विमान आहेच तसंही.”

“आत्ता?” इंद्रनील म्हणाला. “अरे चंद्रहास, रस्त्यावर बर्फ…”

“रस्त्यावरचा चालतो ना वहिनींना?”

वल्लरी म्हणाली, “रस्ता ठीक आहे. हळू चालवा.”

सलोनी बॅग भरत होती आणि भरता भरता रडत होती. निघताना आईसमोर थांबली. “सुनेसाठी तू माझ्या नवऱ्याचा अपमान केलास. माझ्या. नवऱ्याचा.”

“तुझ्या नवऱ्यासाठीच केला,” अक्का म्हणाली. पण ते हळू निघालं, आणि सलोनीने ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांना बाहेर जायचं होतं म्हणून अक्काला उठणं भाग होतं, आणि तिला उठता येईना. वल्लरीने काखेत हात घालून उठवलं. चंद्रहास बाजूला उभा राहून थांबला, वाकून पाया पडला, रीत म्हणून, आणि तबकाकडे न बघता गेला.

गाडीचे दिवे तळ्याच्या वळणावरून दिसेनासे झाले. इंद्रनीलने एक अनारसा उचलला. अक्काने बघितलं तसा परत ठेवला.

त्यानंतर अक्का सकाळ-दुपार-संध्याकाळ त्या उताराकडे बघायला लागली. भांडी घासता घासता, कणीक मळता मळता. खिडकी समोरच होती. एक आडवी चीर हवी होती तिला, बस. खाली ढेकळांचा ढीग. म्हणजे टौरंगाला फोन करून सांगता आलं असतं. उतार होता तसाच होता, गुळगुळीत, शहाण्यासारखा. त्या दोघांचे माग पण वाऱ्याने पुसून टाकले. मधे एकदा रात्रभर वारा घोंघावला आणि सकाळी ती उठली तीच धावत खिडकीशी गेली. काही नाही. मनातल्या मनात ती बर्फाला शिव्या द्यायची, आणि मग आपण काय मागतोय ते उमगून तोंड फिरवायची.

फोन आला नाही. तिने केला तर मशीन बोलायचं.

“अक्का, तू सरळ सांग ना पडला म्हणून,” इंद्रनील एकदा म्हणाला. “तिथून कोण बघायला येतंय? सलोनी खूश, चंद्रहास खूश, तू खूश. चंद्रहास तर तुझे पाय धरेल.”

हे तिच्या डोक्यात त्याच्याआधी आलं होतं.

महिना सरत आला तसा ऊबदार वारा सुटला, वरपर्यंत पाऊस झाला, आणि बर्फ मळकट दिसायला लागला. एका संध्याकाळी वल्लरी परत आली, बूट काढले, मोजे शेगडीजवळ टाकले.

“तो उतार आता बरा आहे,” म्हणाली. “आज हेमीबरोबर जाऊन आले. ओला होऊन थर एकमेकांना चिकटले. आता नाही पडायचा.”

“नाहीच पडायचा?”

“नाही वाटत.”

अक्का पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. “मग माझं काय?”

वल्लरीने गारठलेली बोटं चोळली. “तुमचं माझ्यासारखंच,” ती म्हणाली. “नाही म्हणायचं, आणि ते बरोबर होतं का ते कधी कळत नाही. चहा आहे का?”

“आहे. घे ओतून. मला दोनच हात आहेत.”

सलोनीचा फोन त्याच आठवड्यात आला. जेवायच्या आधी. इंद्रनीलने उचलला, दोन शब्द बोलला, आणि फोनवर हात ठेवून अक्काला म्हणाला, “विचारेल. पडला म्हण.”

अक्काने फोन घेतला. इकडचं तिकडचं झालं. टौरंगाला पाऊस, सलोनीच्या दाढेचं दुखणं, शेजाऱ्याने कापलेलं झाड. मग सलोनी म्हणाली, “पडला का गं तो?”

इंद्रनील समोर उभा राहून मान हलवत होता, हो, हो.

“नाही पडला,” अक्का म्हणाली. “आता पडायचाही नाही, असं वल्लरी म्हणते.”

मग सलोनी हसली, कोरडं. “म्हणजे आम्ही गेलो असतो तरी काही झालं नसतं.”

“नसतं झालं. असं दिसतंय.”

“अक्का, तीन वर्षांनी आलो होतो आम्ही.”

“माहीत आहे मला.”

“हे म्हणतात, यापुढे तुझ्याशी बोलणार नाहीत.”

“नाही बोलले तर नाही बोलले,” अक्का म्हणाली. “तिथे घरात बसून, पोटभर जेवून, अबोला धरू देत.”

“काय?”

“काही नाही. आलेत का घरी?”

“नाही अजून. हॉस्पिटलात उशीर होतोय.”

“आले की गरम करून वाढ. थंड नको देऊ.”

“हो,” सलोनी म्हणाली. फोन मात्र लगेच कुणी ठेवला नाही.